स्निग्धकणाचे पटल आणि प्रथिनांची वाटणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला कर्जत तालुका हा पर्जन्यछायेतील मुलूख होय. सिद्धटेकचा गणपती, राशीनची यमाई आणि रेहेकुरीचे काळवीट यांच्यामुळे त्याचे नाव परमुलखातही ठाऊक आहे. परंतु पावसाने पाठ फिरवली, खरीप हातचा गेला, कुकडीच्या कालव्याचे आवर्तन लांबले आणि रब्बीची ज्वारी पोटरीत येण्याआधीच माना टाकू लागली, म्हणजे येथील शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा आणणारी जी वस्तू शिल्लक उरते, ती म्हणजे दूध. या दुधाविषयी भावाच्या, भेसळीच्या आणि चाऱ्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. दुधातील स्निग्धाचा प्रत्येक कण ज्या अतिसूक्ष्म पटलात गुंडाळलेला असतो, त्या पटलात प्रथिने कोठे बसतात, कोठे बसत नाहीत आणि त्यांच्या जागा कशाने ठरतात, याचा विचार येथे करावयाचा आहे. जीवशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सामग्री रोज पहाटे कर्जतच्या किटल्यांमधून वाहून नेली जाते, ही गोष्ट येथील वाचकाला माहीत असावी, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

दूध संकलन केंद्रावर काय घडते ते प्रथम जवळून पाहू. किटलीतले दूध ढवळून नमुना घेतात, तो यंत्राला लावतात आणि मिनिटाच्या आत फॅट, एसएनएफ (म्हणजे स्निग्धेतर घनांश) व डिग्री यांचे आकडे पावतीवर उमटतात. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ ही आधारभूत प्रत धरून भाव बांधला जातो. ही यंत्रे येण्यापूर्वी सर्वत्र गर्बर पद्धतीचा अंमल होता. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये 10 मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घ्यावयाचे, त्यावर 10.75 मिलिलिटर दूध नळीच्या कडेकडेने अलगद सोडावयाचे, मग 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच घट्ट बसवावयाचे आणि नळी फडक्यात धरून हलवावयाची. नळी हाताला सोसवेनाशी तापते, पांढरे दूध आधी तपकिरी आणि मग जवळजवळ काळे होते. त्यानंतर ती अपकेंद्री यंत्रात फिरवून 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवली, की पिवळसर, पारदर्शक स्निग्धाचा स्तंभ नळीच्या मानेत चढलेला दिसतो आणि त्याच्या उंचीवरून फॅटचा आकडा वाचता येतो. आम्लाने येथे नेमके काय केले? स्निग्ध तर दुधात आधीपासून होतेच. ते एकत्र येत नव्हते इतकेच, कारण प्रत्येक कणाभोवतीचे पटल शेजारच्या कणात मिसळण्यास त्याला मज्जाव करीत होते. आम्लाने ते पटल, त्यातील प्रथिनांसकट, विरघळवून टाकले आणि आतले स्निग्ध मोकळे झाले. ज्या घटकावर शेतकऱ्याला पैसे मिळतात तो मोजण्याकरिता या पद्धतीत पटलाचा नाश करावा लागतो आणि त्या पटलाची नोंद पावतीवर कोठेच होत नाही.

हे पटल काही थोडेथोडके नसते. गाईच्या दुधाच्या एका मिलिलिटरात सुमारे 1000 कोटी स्निग्धकण असतात. त्यांचा सरासरी व्यास साडेतीन ते चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चारपट, आणि म्हशीच्या दुधात तो पाच मायक्रोमीटरच्या आसपास भरतो. कण जितका लहान तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक, या भूमितीच्या साध्या नियमाने हिशेब मांडला, तर एक लिटर गाईच्या दुधातील कणांवरचे एकूण पटल साठ-सत्तर चौरस मीटर इतके पसरेल. म्हशीच्या दुधात स्निग्ध जवळजवळ दुप्पट असले, तरी कण मोठे असल्यामुळे दर ग्रॅम स्निग्धामागे पटल गाईच्या दुधापेक्षा कमीच पडते.

या पटलाची उत्पत्ती विलक्षण आहे. कणाभोवती काहीतरी आवरण आहे हे आशरसन या शास्त्रज्ञाने 1840 सालीच सांगितले होते. पण ते येते कोठून, हा प्रश्न 1959 सालापर्यंत, म्हणजे बार्गमान आणि क्नूप यांनी कासेतील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत, पुरता उलगडलेला नव्हता. स्निग्धाचा थेंब प्रथम पेशीच्या आत तयार होतो आणि तेव्हा त्याच्याभोवती स्निग्धरेणूंचा एकेरी थर असतो. तो थेंब सरकत सरकत पेशीच्या माथ्याशी येतो, तेथील पेशीपटल बाहेर ढकलतो, त्यात स्वतःला पूर्णपणे लपेटून घेतो आणि देठ तुटावा तसा तुटून दुधात पडतो. अर्थात दुधातील प्रत्येक कणाचे बाहेरचे आवरण हे गाईच्या जिवंत पेशीचेच पटल होय. एरवी पेशीपटलाचा अभ्यास करावयाचा तर पेशी फोडावी लागते आणि पटल वेगळे काढण्याचा मोठा खटाटोप करावा लागतो. येथे गाय ते दिवसातून दोनदा आपण होऊन देते.

आता पेशीपटल ही काय वस्तू आहे, त्याकडे वळू. 1925 साली हॉलंडमधील लायडन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी माणूस, कुत्रा, ससा, मेंढी, शेळी इत्यादींच्या रक्तातील तांबड्या पेशी घेऊन त्यांतील स्निग्धद्रव्य पाण्यावर एकेरी थरात पसरविले आणि त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखविले. यावरून पटल हे स्निग्धरेणूंच्या दुहेरी थराचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्निग्धरेणूचे डोके पाण्यात रमणारे आणि शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या. म्हणून दोन्ही थरांच्या शेपट्या आत आणि डोकी बाहेर, अशी ही रचना आपोआप जुळून येते. तिची जाडी अवघी चार-पाच नॅनोमीटर. पुढे 1972 साली सिंगर आणि निकलसन यांनी या दुहेरी थरात प्रथिने तरंगत असतात आणि सारे पटल द्रवाप्रमाणे वाहते असते, असा सिद्धांत मांडला. आजच्या क्रमिक पुस्तकांत जी आकृती असते ती त्याच सिद्धांताची. त्या आकृतीत स्निग्धरेणू सगळीकडे एकसारखे आणि प्रथिने त्यांत जिकडेतिकडे विखुरलेली दिसतात. विद्यार्थ्याच्या मनावर हे चित्र कायमचे ठसते आणि तेथेच खरी अडचण सुरू होते, कारण पटल सर्वत्र सारखे नसते.

पटलातील स्निग्धरेणूंचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. काहींच्या शेपट्या असंपृक्त असतात, म्हणजे त्यांच्यात द्विबंध असून त्या ठिकाणी शेपटीला बाक आलेला असतो. असे रेणू एकमेकांना चिकटून बसू शकत नाहीत. इतरांच्या शेपट्या संपृक्त, सरळ आणि लांब. दुधाच्या पटलात मुबलक असणारे स्फिंगोमायलिन हे यांपैकी होय. असे रेणू एकत्र आले की ओळीने, घट्ट बसतात आणि तापमान उतरले की थिजतात. दुधातील स्फिंगोमायलिनचा थिजण्याचा बिंदू सुमारे 34 अंश सेल्सिअस आहे. या दोघांत तिसरा येतो तो कोलेस्टेरॉल. त्याचा ताठ, चपटा रेणू सरळ शेपट्यांच्या मध्ये शिरला, की त्या पूर्ण थिजतही नाहीत आणि मोकाटही होत नाहीत; एक तिसरीच प्रावस्था निर्माण होते, जिला क्रमबद्ध द्रवावस्था म्हणता येईल. आषाढात कर्जतच्या रस्त्याने पंढरीकडे जाणाऱ्या दिंडीत वारकरी रांगा धरून, खांद्याला खांदा लावून असतात आणि तरीही सारी दिंडी चालत असते. या प्रावस्थेतील रेणूंची स्थिती तशीच असते, शेपट्या शिस्तीत उभ्या आणि तरी प्रत्येक रेणू पटलात जागा बदलीत राहतो. तिच्या शेजारी असंपृक्त रेणूंची शिथिल द्रवावस्था असते आणि या दोन प्रावस्था, तेल आणि पाणी जशी वेगळी राहतात तशाच, एकाच पटलात वेगवेगळ्या हद्दी करून राहतात. क्रमबद्ध भागातील शेपट्या ताठ उभ्या असल्यामुळे तो भाग शिथिल भागापेक्षा साधारण अर्धा ते एक नॅनोमीटर अधिक जाड भरतो. हा फरक किरकोळ वाटतो. पण चार-पाच नॅनोमीटरच्या पटलात तो किरकोळ नव्हे आणि प्रथिनांच्या वाटणीत त्याचा वाटा मोठा आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी आणि अशीच साखळी आखूड असली तर तिला पेप्टाइड म्हणतात. पटल आरपार भेदून बसणाऱ्या प्रथिनाचा जो भाग पटलाच्या आत असतो तो बहुधा मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि त्यात प्रत्येक अमिनो आम्लामागे लांबी 0.15 नॅनोमीटरने वाढते. म्हणून वीस अमिनो आम्लांचे मळसूत्र तीन नॅनोमीटर लांब होते आणि शेपट्यांनी व्यापलेला पटलाचा गाभाही जवळजवळ तेवढाच असतो. मळसूत्र आखूड आणि पटल जाड असेल तर पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या उघड्या पडतात. मळसूत्र लांब आणि पटल पातळ असेल तर त्याची पाण्याला टाळणारी टोके पाण्यात डोकावतात. दोन्ही स्थिती ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतात, म्हणून प्रथिन आपल्या लांबीला जुळणाऱ्या जाडीच्या प्रावस्थेकडे सरकते. या विसंगतीचे गणित मौरित्सेन आणि ब्लूम यांनी 1984 साली मांडले आणि त्याचा दाखला पेशीतही मिळतो: पेशीच्या बाह्य पटलात राहणाऱ्या प्रथिनांची मळसूत्रे आतल्या पटलांतील प्रथिनांपेक्षा सरासरीने लांब असतात.

परंतु लांबी हाच एकमेव निकष मानला तर अपेक्षाभंग होतो. प्रयोगशाळेत शुद्ध स्निग्धद्रव्यांपासून केलेल्या कृत्रिम पटलात आरपार जाणारी पेप्टाइडे सोडून पाहिली, तर लांबी कितीही जुळवली तरी त्यांतील बहुतेक शिथिल प्रावस्थेतच जाऊन बसतात. याचे कारण उघड आहे: क्रमबद्ध प्रावस्थेत शेपट्या इतक्या दाटीने बसलेल्या असतात, की खडबडीत पृष्ठभागाचे मळसूत्र मध्ये शिरले तर कित्येक रेणूंची घडी विस्कटते; ती प्रावस्था परक्याला सहसा थारा देत नाही. तिच्यात प्रवेश मिळतो तो मुख्यत्वे अशा प्रथिनांना, की ज्यांच्या अंगाला संपृक्त स्निग्धाम्लाची शेपटी रासायनिक बंधाने जोडलेली आहे. पामिटिक आम्लाची सोळा कार्बनांची सरळ शेपटी लागली की प्रथिनाचा कल क्रमबद्ध भागाकडे वाढतो. तेच प्रथिन फार्नेसिल नावाच्या फाटे फुटलेल्या, बाकदार शेपटीने बांधलेले असेल तर ते शिथिल भागात राहते. काही प्रथिनांना एक सरळ आणि एक बाकदार, अशा दोन्ही शेपट्या असतात. पेशीच्या वाढीचे नियमन करणारे एन-रास हे त्यांतील एक होय आणि कृत्रिम पटलावर पाहिले असता ते दोन्ही प्रावस्थांच्या सरहद्दीवर गोळा झालेले आढळते. सरहद्दीवर जाडीचा उंचवटा असल्यामुळे ती राखण्यास ऊर्जा खर्च होते. तेथे बसणारे प्रथिन हा खर्च कमी करते आणि त्यामुळे सरहद्दीला धरूनच राहते.

येथे एका आकड्याकडे वाचकाचे लक्ष वेधले पाहिजे. एखादे प्रथिन एका प्रावस्थेत दुसरीपेक्षा दसपट दाट असेल, तर त्या दोन जागांमधील मुक्त ऊर्जेचा फरक नेहमीच्या तापमानाला केवळ 1.4 किलोकॅलरी प्रति मोल इतका असतो, म्हणजे एका सामान्य हायड्रोजन बंधाच्या ऊर्जेपेक्षाही बहुधा कमी. एवढ्या अल्प फरकावर एवढी मोठी वाटणी अवलंबून असल्यामुळे, एक स्निग्धाम्ल जोडले किंवा काढले, कोलेस्टेरॉल थोडे वाढले किंवा तापमान काही अंशांनी उतरले, की प्रथिनाची जागा बदलू शकते. पेशी याच गोष्टीचा उपयोग करून घेते. पामिटिक आम्लाची शेपटी ती प्रथिनाला हवी तेव्हा जोडते आणि हवी तेव्हा तोडते, आणि कोणते प्रथिन कोणाच्या शेजारी बसेल याचा बंदोबस्त अशा रीतीने राखते.

आता दुधाकडे परत येऊ. 2010 साली फ्रान्समधील रेन येथील संशोधिका क्रिस्टेल लोपेझ आणि त्यांचे सहकारी यांनी गाईच्या दुधातील स्निग्धकण प्रकाशमान रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वापरलेला रंग असा होता, की जो केवळ शिथिल प्रावस्थेत शिरतो. अपेक्षा अशी, की पटल सर्वत्र सारखे असेल तर कणाचा पृष्ठभाग सगळा सारखाच उजळेल. प्रत्यक्षात उजळलेल्या पृष्ठभागावर वाटोळे, काळे, स्पष्ट कडांचे भाग दिसले. हे भाग म्हणजे स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल यांनी भरलेली क्रमबद्ध प्रावस्था होय. मग त्यांनी गव्हाच्या अंकुरातून काढलेले एक प्रथिन वापरले, जे शर्करायुक्त प्रथिनांनाच चिकटते, आणि ते कोठे चिकटते हे पाहिले. दुधाच्या पटलातील शर्करायुक्त प्रथिने त्या काळ्या भागांमध्ये नव्हती. ती बाहेरच्या शिथिल भागात, तेही सर्वत्र सारखी नव्हे तर ठिकठिकाणी गोळा झालेली, अशी आढळली. कृत्रिम पटलावर कित्येक वर्षांच्या परिश्रमाने जो नियम हाती आला होता, तोच गाईने दिलेल्या पटलावर सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता यावा, हे प्रस्तुत लेखकाला या शास्त्रातील अत्यंत समाधानकारक निरीक्षणांपैकी एक वाटते.

या पटलातील मुख्य प्रथिनांची कामे पाहिली, म्हणजे त्यांच्या जागांचे महत्त्व कळते. ब्युटिरोफिलिन पटल आरपार भेदून बसते आणि त्याचे आतले टोक झँथिन ऑक्सिडोरिडक्टेज या प्रथिनाला धरते. या जोडीच्या आधाराने बाहेरचे पटल आतल्या स्निग्धाला बांधले जाते, असे मानतात. ज्या उंदरांत ब्युटिरोफिलिन तयारच होणार नाही अशी तजवीज केली, त्यांच्या दुधात स्निग्धाचे स्रवण बेशिस्त होऊन मोठमोठे ओघळ पडलेले आढळले. लॅक्टॅडहेरिन हे प्रथिन पटल भेदीत नाही. ते फॉस्फॅटिडिलसेरिन या विशिष्ट स्निग्धरेणूच्या डोक्याला वरून चिकटते, म्हणून जेथे तो रेणू असेल तेथे ते.

तापमानाचा विचार केला की कर्जतच्या दुधाचा प्रवास निराळ्याच प्रकाशात दिसू लागतो. गाईच्या शरीराचे तापमान साधारण 38.5 अंश असते, म्हणजे कासेत असताना दूध स्फिंगोमायलिनच्या थिजण्याच्या बिंदूच्या वर असते. धार काढली, किटली केंद्रावर पोहोचली आणि दूध शीतकरण टाकीत 4 अंशांवर आणले गेले, की काही तासांत ते त्या बिंदूच्या खूप खाली गेलेले असते. पौष-माघातल्या कडाक्याच्या पहाटे तर ही उतरण टाकीपर्यंत जाण्याआधीच सुरू होते. कोलेस्टेरॉलमुळे हा बदल एका ठिकाणी झटक्यात न होता हळूहळू होतो, परंतु रेणू अधिकाधिक शिस्तीत बसू लागतात हे निश्चित, आणि क्रमबद्ध भाग वाढला म्हणजे प्रथिनांना उरलेला शिथिल भाग आकुंचित होऊन त्यांची त्यात अधिक दाटी होते, हे वर सांगितलेल्या नियमातूनच निष्पन्न होते. एकाच गाईचे तेच दूध कासेत आणि टाकीत पटलाच्या दृष्टीने सारखे नसते.

पेप्टाइडांच्या बाबतीत हीच वाटणी कधी जीवनमरणाचा प्रश्न होते. मधमाशीच्या विषाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग मेलिटिन या अवघ्या सव्वीस अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाचा असतो. ते शिथिल प्रावस्थेच्या पटलात सहज शिरून छिद्रे पाडते. कोलेस्टेरॉलने घट्ट केलेल्या पटलात त्याची मात्रा तितकी चालत नाही. नागाच्या विषाचा याहून बोलका दाखला आपल्या शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात आहे. प्रेस्टन काइस या संशोधकाने 1902 साली असे दाखविले, की शेळी, मेंढी आणि बैल यांच्या धुतलेल्या तांबड्या पेशी नागाच्या विषाने एकट्याने फुटत नाहीत, पण त्यात लेसिथिन घातले की फुटतात. याचा उलगडा फार पुढे झाला: विषातील फॉस्फोलिपेज हे विकर लेसिथिनसारख्या स्निग्धरेणूंची शेपटी तोडते आणि त्यातून निघालेले द्रव्य पेशी फोडते, रवंथ करणाऱ्या या जनावरांच्या तांबड्या पेशींत मात्र लेसिथिन जवळजवळ नसतेच, त्याची जागा स्फिंगोमायलिनने घेतलेली असते आणि स्फिंगोमायलिनला हे विकर तोडू शकत नाही. अर्थात यामुळे शेळी नागाच्या दंशातून वाचते असे मुळीच नाही, कारण विषातील मज्जातंतूंवर चालणारे घटक वेगळेच असतात; परंतु पटलातील स्निग्धाच्या जातीवर प्रथिनाचे बळ कसे अवलंबून असते, ते यावरून स्वच्छ दिसते.

दुधाच्या कणावर जे डोळ्यांना दिसते ते जिवंत पेशीच्या पटलावर मात्र सहजासहजी दिसत नाही आणि यामुळे या शास्त्रात दीर्घकाळ वाद चालला. कै सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी 1997 साली असे प्रतिपादन केले, की पेशीपटलात स्फिंगोमायलिन व कोलेस्टेरॉल यांचे लहान लहान तराफे असतात आणि त्यांवर निवडक प्रथिने बसतात. विरोधकांचे म्हणणे असे, की हे तराफे रसायने वापरून पटल विरघळविताना निर्माण झालेले असावेत. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दाखविता येत नाही आणि तराफे त्याहून लहान, तेव्हा निवाडा कोणी करावा? मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रजत वर्मा यांच्यासह यावर एक युक्ती काढली. दोन प्रकाशमान रेणू काही नॅनोमीटरच्या आत शेजारी आले तर ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि त्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण बदलते. पटल न दुखावता एवढे ध्रुवण मोजले, की शेजार आहे की नाही हे कळते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने स्निग्धनांगराने बांधलेली प्रथिने जिवंत पेशीवर अतिसूक्ष्म घोळक्यांत राहतात, असे दाखवून दिले. या घोळक्यांना पेशीच्या आतील अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची ऊर्जाही लागते, हे पुढे त्याच प्रयोगशाळेने सिद्ध केले; तेव्हा जिवंत पेशीत प्रथिनांची वाटणी केवळ प्रावस्थांच्या समतोलाने ठरते असे म्हणण्याची मुभा आता कोणालाही नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेले कामही याच वाटेवरचे आहे. पेशीने गिळलेला जंतू एका पटलाच्या पिशवीत बंद होतो आणि ती पिशवी डायनीन या चालक प्रथिनांच्या बळावर पेशीच्या मध्याकडे ओढली जाते, तेथे जंतूचा नाश होतो. पिशवी नवी असताना डायनीन तिच्यावर विखुरलेली असतात आणि एकेकट्याचे बळ अपुरे पडते. ती जुनी होत जाते तसतशी तिच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त सूक्ष्म भाग तयार होतात, डायनीन त्यांत गोळा होतात आणि मग अनेकांचे बळ एकाच दिशेने लागून पिशवी वेगाने निघते. काळ्या आजाराचा परजीवी लीशमानिया आपल्या अंगावरील एका शर्करायुक्त स्निग्धद्रव्याने हे घोळके मोडतो आणि पिशवी जागीच अडकवून स्वतःचा बचाव करतो. पटलात प्रथिन आहे किंवा नाही एवढे सांगून भागत नाही, ते कोठे आहे हेही सांगावे लागते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

घराघरात होणाऱ्या घुसळणीकडे या ज्ञानाच्या आधारे पाहता येते. साय विरजून, पहाटेच्या गारव्यात ती रवीने घुसळावयाची, उन्हाळा असेल तर थंड आणि हिवाळा असेल तर कोमट पाणी घालावयाचे, ही वहिवाट प्रत्येक घरात आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे. योग्य तापमानाला कणातील स्निग्ध अर्धवट गोठलेले असते. त्याचे स्फटिक पटलाला भोसकतात, घुसळणीच्या धक्क्याने पटल फाटते आणि आतले स्निग्ध एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा वर येतो. पार वितळलेले किंवा पार गोठलेले असेल तर लोणी नीट येत नाही. फाटलेले पटल मात्र लोण्याबरोबर जात नाही. त्यातील फॉस्फोलिपिडे, स्फिंगोमायलिन आणि प्रथिने बव्हंशी ताकात उतरतात, आणि जे थोडे लोण्यात राहते ते तूप कढविताना खाली बेरीत बसते. पिशवीतील दूध एकजिनसी करताना कण एक मायक्रोमीटरहून लहान फोडले जातात, तेव्हा पृष्ठभाग इतका वाढतो की मूळ पटल त्याला पुरत नाही आणि उघड्या जागा दुधातील केसीन हे प्रथिन येऊन व्यापते; म्हणून अशा दुधातील कणांवर गाईने दिलेले पटल तुकड्यातुकड्यांनीच उरते. दुधाचे मोल ठरविताना फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांपलीकडे न पाहणे, आणि लोणी काढल्यावर ताक हे निव्वळ उरलेले पाणी आहे असे समजणे, या दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून नाहीत.

कर्जत तालुक्यात संकरित गाय, म्हैस आणि शेळी ही तिन्ही एकाच गोठ्यात सापडतात. कर्जत गावातच दादा पाटील महाविद्यालय आहे आणि त्याच जिल्ह्यात राहुरीला, फुले त्रिवेणी ही संकरित गाय सिद्ध करणारे, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. या तिन्ही जनावरांच्या दुधातील कणांचा आकार, त्यांच्या पटलातील क्रमबद्ध भागाचे प्रमाण आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्यात पडणारा फरक, यांची पद्धतशीर नोंद होण्यास येथे सामग्रीची वाण नाही. दुधाचा थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर घेतला आणि चारशेपट मोठा दाखविणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर स्निग्धकण कोणत्याही शाळेत दिसतात. तालुक्यातील विज्ञानशिक्षकांनी एवढा पहिला प्रयोग येत्या सत्रात आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा आणि गाईच्या व म्हशीच्या दुधातील कण शेजारी शेजारी ठेवून त्यांना मोजावयास लावावे, ही विनंती.